तांब्याची नळी

तांब्याच्या नळीचं ठेचून चपटं केलेलं टोक इंजिनाच्या अंगाला लावून कानसेननं बोल्ट आवळला, पाना काढला, आणि पुन्हा लावून उगाचच थोडा आणखी फिरवला. बोल्ट पहिल्याच वेळी घट्ट बसला होता. त्याला फक्त वेळ काढायचा होता.

"झालं का रे दादा?" गाडीत बसलेल्या बहिणीनं विचारलं. शेजारच्या सीटवर लॅपटॉप उघडा होता आणि चष्मा तिच्या नाकाच्या शेंड्यावर घसरला होता.

"होतंय."

"अर्धा तास झाला, होतंयच म्हणतोयस. चार वाजता डॉक्टर येतील."

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. कॉलेजात असताना घेतलेली दोन दारांची छोटी गाडी त्यांनी अजून जिवापाड जपली होती. तीन महिन्यांपूर्वी याच दोघा भावंडांनी तिचं धापा टाकणारं इंजिन उतरवून एका मोडीत निघालेल्या मोठ्या गाडीचं इंजिन तिच्यात बसवलं होतं. ते तिथे असं रुळलं, जणू जन्मापासून त्याच घरात असावं. दुसरा कुणी असता तर खूश होऊन गेला असता. डॉक्टरांनी बोट धरलं तसं मनगटही धरलं. आता त्यांना सुपरचार्जर हवा होता.

इतके दिवस ते इंजिन आपल्या दमानं हवा ओढत होतं. आता पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर त्याच्या डोक्यावर बसला होता, आणि तो पोट भरलेल्या पाहुण्याला आग्रह करकरून वाढावं तशी हवा आत कोंबणार होता. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. पण ठिणगी जरा लवकर पडली, तर पेट्रोल भलत्या वेळी आपलं आपण फुटतं. पहिल्यांदा इतकं हळू फुटतं, की पत्र्यावर वाळूचा एक खडा पडावा. तो खडा ऐकू आला की ठिणगी मागे घ्यायची. नाही ऐकू आला तर दुसरा पडतो, तिसरा पडतो, आणि मग पिस्टनला भोक.

तो खडा ऐकण्यासाठी ही नळी होती. नळीला रबरी पाइप, आणि पाइप कानांवरच्या जाड टोप्यांना जोडलेला. गाडीची चाकं रोलरवर फिरत राहायची, बहीण ठिणगी एकेक डिग्री पुढे सरकवायची, आणि खडा वाजला की कानसेन उजव्या हाताचं बोट वर करायचा. मग ती दोन डिग्री मागे यायची. लॅपटॉप नव्हते तेव्हा ती हेच काम हातानं करायची. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं. वडील काम करताना भसाड्या आवाजात गायचे, आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "गाणारा तानसेन मी आहेच, हा आमचा कानसेन." ते नाव चिकटलं. लांबलांबून लोक गाड्या घेऊन यायचे ते त्या कानांसाठी.

आणि ते कान दोन वर्षांपूर्वी गेले होते.

घरात कपड्यांचं मशीन काम संपलं की पीं पीं करतं. एक दिवस बायको म्हणाली, "कधीचं ओरडतंय ते, शेजारी उभे आहात, बंद तरी करा." कानसेन मशीनकडे बघतच राहिला. त्याला काहीही ऐकू येत नव्हतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून एक कागद दिला. त्यावरची रेघ निम्म्यापर्यंत सरळ चालली होती आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली आली होती. "बोलणं कळतंय ना? मग काळजी नको," ते म्हणाले. "बारीक आवाज गेलेत. जन्मभर गोंगाटात काम केलंत, ते आता परत यायचे नाहीत." बोलणं कळत होतं. पण खडा वाजतो तो नेमका त्या बारीक आवाजांत.

त्यानं कुणालाच सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. साधी इंजिनं क्षमाशील असतात, थोडं चुकलं तरी सांभाळून घेतात. शिवाय एवढ्या वर्षांच्या अंदाजानं खडा कुठे पडेल ते त्याला साधारण ठाऊक असायचं. आणि बहीण होती. ती टोप्या घालत नसे, पण तिचे कान त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी तरुण होते. खडा पडला की तिचा डावा खांदा किंचित हलतो, हे त्यानं हेरून ठेवलं होतं. खांदा हलला की तो बोट वर करायचा.

मध्यंतरी तिनं सुचवलं होतं, की हा आवाज टिपणारं एक यंत्र मिळतं, ते घेऊन टाकू. कानसेन असा उखडला होता, की दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. "माझ्या कानांवर भरवसा उरला नाही का तुझा?" असं वर तिलाच विचारलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

पण हे इंजिन क्षमा करणारं नव्हतं. त्याचे पिस्टन मुळात अशा कोंबलेल्या हवेसाठी घडवलेलेच नव्हते, आणि अंदाज चुकला तर एका क्षणात सगळं संपलं असतं. गेला आठवडाभर त्याला हे एकच सुचत होतं. त्याला फार थकल्यासारखं वाटत होतं. अंगमेहनतीचा थकवा त्याला ओळखीचा होता, तो झोपेनं जायचा. रोज ऐकू आल्याचं सोंग करण्याचा थकवा झोपेनं जात नव्हता.

त्यानं टोप्या उचलल्या आणि खिडकीतून आत धरल्या.

"छोटे, आज तू ऐक."

छप्पन्न वर्षांची छोटी त्या टोप्यांकडे अशी बघत राहिली, जणू कुणी भलत्याच घरचं पत्र हातात दिलं असावं.

"मी? मला कुठे सवय आहे?"

"कान आहेत ना?"

"आणि लॅपटॉप? तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"एक बटण दाबायचं आहे. तेवढं येतं मला."

ती आणखी काहीतरी बोलणार होती. मग गाडीतून उतरली, आणि चष्म्याच्या काड्या सारख्या करत, फार सावकाश, टोप्या कानांवर चढवल्या. कानसेन आत बसला. आपण सांगितलंच की, असं त्याला वाटलं. शब्दांत नाही तरी सांगितलंच. आता ती समजून घेईल. तिला ऐकू येतं, म्हणजे काम अडणार नाही, आणि उद्यापासून आपण नुसते बोल्ट आवळू. त्याला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.

इंजिन चढलं. सुपरचार्जरचा सूर भिंतींना जाऊन भिडला. ठिणगी सतरा डिग्रीवर. बहीण इंजिनावर वाकून उभी होती, डोळे मिटलेले. अठरा. एकोणीस. एकोणिसाला खडा पडायला हवा, असं कानसेनचा अनुभव सांगत होता. तिचं बोट खालीच. असेल, इंजिन दमदार असेल. वीस. बोट खालीच. एकवीस दाबलं आणि त्याचा पाय आपोआप पेडलवरून उठला. त्यानं इंजिन बंद केलं.

"काय झालं?" टोप्या उतरवत तिनं विचारलं. "चांगलं चाललं होतं की."

"काय ऐकलंस?"

"एकसुद्धा नाही. स्वच्छ."

त्यानं जाड फडक्यात धरून एक प्लग काढला, त्याच भोकातून दिवा घालून आत बघितलं, आणि मग प्लग खिडकीपाशी उजेडात नेला. पिस्टन शाबूत होता. पण प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरावी तसे चार-पाच चकचकीत काळे कण होते. पिस्टनचेच. खडे पडले होते, आणि एकदा नव्हे.

त्यानं प्लग तिच्या हातात दिला. ती तो चष्म्याच्या वरून, मग चष्म्यातून, मग पुन्हा वरून बघत राहिली.

"जुना आहे का हा?"

"सकाळी नवे घातलेत. मीच."

ती शेजारच्या टायरच्या थप्पीवर बसली.

"कधीपासून?" कानसेननं विचारलं.

"तू आधी सांग. टोप्या मला का दिल्यास?"

त्यानं सांगितलं. मशीनचं, कागदाचं, दोन वर्षांचं. सांगताना तो तिच्याकडे न बघता पाना पुसत होता.

"मला चार तरी झाली," शेवटी ती म्हणाली. "पाखरं ओरडेनाशी झाली तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, आपलं काय अडतंय? ऐकणारा दादा आहे. मी आपली तुझ्या बोटाकडे बघून बटणं दाबत होते."

"अगं, पण तुझा खांदा हलायचा."

"कुठला खांदा?"

"डावा. खडा पडला की."

"तो दुखतो माझा," ती म्हणाली. "एका जागी बसलं की चमक येते."

मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिनं चष्मा काढून डोळे पुसले.

"म्हणजे दोन वर्षं आपण माझ्या दुखऱ्या खांद्यावर लोकांच्या गाड्या लावतोय."

कानसेनला हसू येईना. तो मनातल्या मनात एकेक गाडी आठवत होता. परत आलेली एकही नव्हती. साध्या इंजिनांनी त्यांना निभावून नेलं होतं.

"ते यंत्र घेऊ म्हणाली होतीस तेव्हा..." तो म्हणाला.

"माझ्यासाठी म्हणत होते मी. तुला कसं सांगणार? तू उगाच जिवाला लावून घेतलं असतंस."

"मी तुला काय काय बोललो."

"बोललास खरा," ती म्हणाली, आणि प्लग त्याच्या हातात परत दिला. "चल, नवे प्लग घाल. सोळावर ठेवून देते. गाडी चालेल, पण डॉक्टरांना हवी तशी नाही पळायची. तेवढं तरी त्यांना खरं सांगू."

"आणि का, म्हणून विचारलं तर?"

ती उठून गाडीत जाऊन बसली.

डॉक्टर पावणेचारलाच आले. चाळिशीचा माणूस, पण उघड्या बॉनेटपाशी त्यांच्याकडे बघवत नव्हतं, इतका आनंद. बहिणीनं इंजिन सुरू केलं आणि सुपरचार्जरचा सूर चढला, तसे ते टाळी वाजवून म्हणाले, "अगदी माझ्या ड्रिलसारखा! लोक या आवाजाला घाबरून पळतात, आणि मी तो मुद्दाम गाडीत बसवून घेतोय."

"डॉक्टर, ताकदीचं जरा बोलायचं होतं," कानसेननं सुरुवात केली.

पण डॉक्टरांचं लक्ष इंजिनाशेजारी ठेवलेल्या टोप्यांकडे गेलं होतं.

"हेच ना ते तुमचं प्रसिद्ध यंत्र? एकदा ऐकू द्या ना, दादा. एकदाच."

कानसेननं बहिणीकडे बघितलं. तिनं खिडकीतून डोकं काढून त्याच्याकडे बघितलं. त्यानं टोप्या उचलून डॉक्टरांना दिल्या. बहिणीनं पेडल दाबलं आणि शेजारच्या सीटकडे हात नेला. सोळा. सतरा. डॉक्टर तोंड उघडं टाकून ऐकत होते. अठरा. त्यांनी एकदम मान वर केली आणि एका कानावरची टोपी सरकवली.

"हे मधेच टिचकी मारल्यासारखं काय वाजलं हो?"

कानसेनला वाटलं होतं एकोणीस. अंदाजसुद्धा एका डिग्रीनं चुकला होता. बहिणीनं तोवर पाय उचलला होता आणि इंजिन संथ झालं होतं.

"तेच ऐकायचं असतं," तो म्हणाला. "ते वाजलं की बोट वर करायचं."

"म्हणजे मला बरोबर ऐकू आलं!" डॉक्टर लहान मुलासारखे हरखले. "फार बारीक होतं. तुम्हाला काय, इथे उभ्या उभ्यासुद्धा आलं असेल."

दोन वर्षं तो अशा प्रश्नाला मान डोलावत आला होता. मान डोलवायला काही कष्ट पडत नाहीत.

"नाही," कानसेन म्हणाला. "मला नाही आलं."

"मलाही नाही," बहीण खिडकीतून म्हणाली. "आम्हा दोघांनाही आता ते ऐकू येत नाही."

डॉक्टरांनी आळीपाळीनं दोघांकडे बघितलं आणि खो खो हसले.

"ताई, मीपण पेशंटना असंच म्हणतो. तुमच्याइतकं धीराचं कुणी बघितलं नाही म्हणून! बरं वाटतं त्यांना." त्यांनी हसत हसत टोपी पुन्हा कानावर ओढली. "चला, आणखी एकदा करा."

"डॉक्टर, खरंच सांगतोय," कानसेन म्हणाला.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले होते. बहीण कानसेनकडे बघत क्षणभर थांबली, मग तिनं पेडल दाबलं. सूर पुन्हा भिंतींना भिडला. तो डॉक्टरांच्या शेजारी नुसता उभा राहिला, त्यांच्या उजव्या हाताकडे बघत. बऱ्याच वेळानं ते बोट वर गेलं, आणि बहिणीनं दोन डिग्री मागे घेतल्या.