तापीरत्नचे शेअर

एरंडोलच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या रुपचंदवर ब्याण्णव सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जी पाळी आली, ती वैऱ्यावरही येऊ नये.

आदल्या आखाजीला हा गृहस्थ पत्त्यांना बसला होता. आता आखाजीला खान्देशात कोण बसत नाही? त्या दिवशी सासरा-जावईसुद्धा एकाच सतरंजीवर डाव टाकतात. पण रुपचंद उठला तो बायकोच्या चांदीच्या तोरड्या हरून. वच्छलाबाईने त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून वदवून घेतलं, की पुन्हा जुगार नाही. आणि केलाच, तर पुढच्या आखाजीला ती चाळीसगावला माहेरी जाईल ती परत यायची नाही. ती बोलली म्हणजे बोलली.

रुपचंदने पत्ते सोडले आणि ‘तापीरत्न केळी पावडर’ नावाच्या कंपनीचे हजार शेअर घेतले, दोन रुपयांना एक. भाव चारवर गेला तेव्हा तो चालतानासुद्धा शेठजींसारखा चालू लागला. मग मुंबईच्या बाजारात घोटाळ्याची बोंब उठली आणि भाव सव्वा रुपयावर आला.

आखाजीच्या आदल्या दिवशी सणाला माहेरी जायची वच्छलाबाईची पिशवी भरून तयार होती, आणि नेमके तेव्हाच चुडामण नाना ओट्यावर येऊन टेकले. नाना एसटीचे निवृत्त कंडक्टर. हातातल्या सुट्ट्या पैशांखेरीज त्यांचा जगात कशावर विश्वास नाही.

“काय रे रुपचंद,” ते मोठ्याने म्हणाले, “पत्त्यांपेक्षा हा जुगार महाग पडला ना?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मेलो, रुपचंदच्या मनात आलं.

“जुगार कसला, नाना? धंदा आहे! कारखाना आहे कंपनीचा, यावलकडे.”

“माझी हयात गेली यावलच्या गाडीवर. केळीच्या बागा दिसल्या, माकडं दिसली. कारखाना काही दिसला नाही, बुवा.”

समोरचा पंक्चरवाला हारुन धावत आला. त्यानेही दोनशे शेअर घेतले होते. “नाना, कंपनीच्या पुस्तिकेत चेअरमनसाहेबांचा फोटो आहे. गळ्यात टाय आहे!”

“टाय तर वरातीतला बँडवालाही बांधतो.”

तोवर वच्छलाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. “खरं सांगा,” ती नवऱ्याला म्हणाली, “हाऊ जुगार शे का धंदा?”

रुपचंद जन्मात बोलला नव्हता इतकं बोलला. शेतकरी पेरतो, पाऊस काय त्याच्या खिशात असतो? मग तो जुगार का? भाव चढेल म्हणून आपण पितळ घेऊन ठेवतो, तो जुगार का? उद्या घरोघरची पोरं केळी पावडर खाऊन पैलवान होतील, तेव्हा बघा! हारुन माना डोलवत होता. शेवटी नानासुद्धा पुटपुटले, “असेल बुवा धंदा.” रुपचंदच्या जिवात जीव आला.

वच्छलाबाई आत गेली आणि एक पुरचुंडी घेऊन बाहेर आली. नव्या तोरड्यांसाठी पापड-कुरडया विकून साठवलेले पैसे. ते तिने नवऱ्याच्या हातावर ठेवले.

“धंदा शे ना? मग ह्यास्ना बी शेअर ली या.”

“वा भाभी!” हारुन म्हणाला.

रुपचंदला घाम फुटला. हो म्हटलं तर बायको परत येईल, पण पुरचुंडी जाईल. नाही म्हटलं तर पुरचुंडी वाचेल आणि बायको जाईल. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. पापड लाटून लाटून तळव्यांना घट्टे पडले होते.

“ठेव ती आत!” तो ओरडला. “जुगार शे! बठ्ठा जुगार शे! घेतले त्याच दिवशी माले माहीत होतं!”

“या अल्ला,” म्हणत हारुन मटकन खाली बसला.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर रुपचंदने हळूच विचारलं, “परत कधी येशील?”

“भाव चढना म्हणजे येसू,” ती म्हणाली आणि गाडीत चढली.

आपल्याच जिभेने हा संसार मोडला म्हणून नाना हवालदिल झाले. रोज सकाळी टोपी काढून ते पेपरातलं भावांचं पान उघडत. “आज चढणार, माझं मन सांगतं!” तापीरत्नचा एवढा मोठा भक्त चेअरमनच्या घरातही नसेल. भाव मात्र घसरतच गेला. रुपचंद करपलेली खिचडी खाऊन दुकानात बसे आणि गिऱ्हाइकाने तांब्या मागितला तर ताट देई.

एका संध्याकाळी दारात पिशवी टेकली. वच्छलाबाई! ती सरळ आत शिरली, करपलेलं पातेलं उचलून तिने नाक मुरडलं आणि राख घेऊन घासायला बसली.

रुपचंदला आनंदाने रडू येत होतं, पण खोटं बोलायची आता छाती नव्हती. “भाव चाळीस पैशांवर आलाय,” तो चाचरत म्हणाला.

“माले माहीत शे,” पातेल्यावरची नजर न काढता ती म्हणाली. “चाळीसगावले बी पेपर येस.”