राहून गेलेला रंग

आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. आपल्या माणसाची स्लाईड आपण बघायची नाही. शेजारच्या टेबलावर सरकवायची आणि गप्प बसायचं. सतरा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या अंडाशयातली गाठ तपासायला आली, तेव्हा मी हा नियम धाब्यावर बसवला. मला म्हणे दुसऱ्या कुणाचा भरवसा वाटत नव्हता! गर्व, दुसरं काय.

गाठ पिवळसर, घट्ट, मुठीएवढी. मायक्रोस्कोपखाली फुगीर, फिकट पेशींचे पट्टे. थेकोमा, म्हणजे निरुपद्रवी. काढली की विषय संपला. फक्त एका कोपऱ्यात पेशी जरा दाट होत्या. तिथे माझी नजर अडखळली होती, खोटं कशाला बोलू.

अशी शंका आली की चांदीच्या द्रावणाचा एक खास रंग करायचा असतो. त्यात पेशींभोवतीचे बारीक धागे काळे दिसतात. साध्या गाठीत धागा एकेका पेशीला वेढतो. ग्रॅन्युलोसा नावाच्या दुर्मीळ कर्करोगात तो अख्ख्या घोळक्याला बाहेरून वेढतो आणि आत काहीच नसतं. फरक एवढाच. पण ही दुसरी गाठ काढल्यावर वीस-वीस वर्षं दबा धरून बसते आणि परत येते, म्हणून त्या बाईला जन्मभर तपासणी लागते.

आमचा टेक्निशियन या रंगात तरबेज होता. सगळे त्याला सोनार म्हणायचे.

"उद्या करतो, डॉक्टरबाई," तो म्हणाला. "द्रावण ताजं लागतं. घाईत केलं तर सगळी काच काळी होईल."

"उद्या? तिकडे माझी आई दोन दिवस जेवलेली नाही. राहू दे तुझी चांदी."

आणि मी फोन उचलला. आईचा जीव भांड्यात पडला. बहीण आधी रडली, मग हसत म्हणाली, "चला, तुझ्या एवढ्या शिक्षणाचा घराला एकदाचा उपयोग झाला!" रंग राहिला तो राहिलाच. दुसऱ्या दिवशी मी विसरूनही गेले.

गेल्या महिन्यात तिचं पोट उघडलं. आतड्यांवर, यकृताखाली, जागोजागी गाठी. सगळं निघणार नाही, असं सर्जननं सांगितलं. या वेळी मी शहाण्यासारखी स्लाईड शेजारच्या टेबलावर दिली. तिथल्या डॉक्टरनं तळघरातून, पहिल्या गाठीचा तुकडा जपलेला सतरा वर्षांपूर्वीचा मेणाचा ब्लॉक काढला आणि त्यावर चांदीचा रंग करून घेतला.

"तू बघू नकोस," तो म्हणाला.

मी बघितलं. त्याच कोपऱ्यात धागे घोळक्यांना बाहेरून वेढून होते आणि आत कोरं होतं. साध्या रंगाची जुनी स्लाईडही लावली. पेशींच्या केंद्रकांवर मधोमध चिरा, कॉफीच्या बीवर असतात तशा, ग्रॅन्युलोसाची खूण. तेव्हाही होत्या. मला दिसल्या नाहीत, कारण मला त्या बघायच्याच नव्हत्या.

"त्या वेळी कुणीही थेकोमाच म्हटलं असतं," तो म्हणाला.

"गप्प बस. कुणीही उद्यापर्यंत थांबलं असतं."

तिला सांगू नकोस, औषध काही बदलणार नाही, असं त्यानं परोपरीनं समजावलं. पण मग तिच्यासमोर रोज कुठलं तोंड घेऊन बसणार होते मी?

ती वॉर्डात उशीला टेकून केस विंचरत होती. "आलीस? तोंड का पाडलंयस गं? आजारी मी आहे का तू?"

मी सगळं सांगितलं. दाट कोपरा, सोनार, उद्या, फोन. तिचा कंगवा थांबला.

"तेव्हा कळलं असतं तर?"

"दर वर्षी तपासलं असतं. गाठ परत आली असती तरी लहान असतानाच सापडली असती. बहुतेक काढता आली असती."

तिनं कंगवा चादरीवर ठेवला. "दोन वर्षं पोट जड लागत होतं. हे मागे लागायचे. लेकीनं तर डॉक्टरची वेळसुद्धा घेतली होती. मी गेले नाही. तिला म्हटलं, अगं, माझ्या ताईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो मागे घेतला.

"आत्ता नको, ताई. तू बाहेर जा. लेकीला पाठव."

मी बाहेर आले. माझी भाची बाकावरून उठली. माझा चेहरा बघून तिला रडू फुटलं. "मावशी, मी तिला ओढत न्यायला हवं होतं गं. माझंच चुकलं."

"नाही," मी म्हणाले. "चूक माझी आहे. माझ्या एकटीची."

तिला वाटलं, मी तिची समजूत काढतेय. ती मला आणखीच घट्ट बिलगली.