लगामाचा हात

"ह्या पिशवीत काय हाय?" मी विचारलं.

ह्यांनी पिशवी पाठीमागे धरली. साठी उलटलेला माणूस, पण चोरून चिंच खाल्लेल्या पोरासारखा दारात उभा. मी ती ओढूनच घेतली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कडियाळं होतं. घोड्याच्या तोंडात बसते ना, ती लोखंडी कांडी. फक्त हिला आतून काटे होते.

"कासूच्या आदर्शनं दिलं. त्यानं घोडा विकला, त्याच्याकडं पडूनच व्हतं."

"गवत आणायला जातो म्हणालात. आणि गाडीत बसून कासूला गेलात व्हय?"

"बादशाचं तोंड जड झालंय गो, लगाम जुमानत नाय. ओढून ओढून खांदा दुखतो माझा. उद्या रोह्याच्या वरातीत त्यानं पुन्हा तमाशा केला तर विकून टाकीन. मग रडत बसू नको."

विकून टाकीन हे त्यांनी चौथ्यांदा म्हटलं होतं, म्हणून मला भीती वाटली. पेणला रामवाडीत येऊन घोडेवाला पुंडलिक कुठे राहतो विचारा, शेंबडं पोरही घर दाखवेल. तीस वर्षं ह्यांनी नवरदेव मिरवले. आधीचा घोडा म्हातारा होऊन गेला तेव्हा हे दोन दिवस जेवले नाहीत. मग सारंगखेड्याच्या बाजारातून बादशा आणला. पांढराशुभ्र, अंगाने दांडगा आणि भारी चौकस. फुगा दिसला तरी मान वळवून बघणार. पण चार वर्षांत त्याने कुणाला पाडलं नव्हतं. गेल्या आठवड्यात पेणच्याच वरातीत जनरेटरच्या दिव्यांकडे बघत तो रस्त्यात आडवा वळला, हे लगाम ओढत राहिले, आणि नवरदेवाचा फेटा गटारात गेला. लोक हसले. मोबाइलमधून ते हसू गावभर फिरलं.

"आधी रीत करा," मी म्हटलं.

आमच्याकडे सासऱ्यांची रीत आहे. नवं कडियाळं घोड्याच्या तोंडात घालण्याआधी घोडेवाल्याने ते स्वतःच्या मुठीत धरायचं आणि दुसऱ्याने लगाम ओढायचा. जे आपल्याला सोसत नाही ते त्याच्या जिभेवर ठेवायचं नाही. धरायचं तेही लगामाच्याच हातात. ह्यांचा उजवा.

ह्यांनी डाव्या हाताने ती कांडी उजव्या मुठीत बसवली, नीट बसली का तेही डाव्यानेच चाचपलं. तेव्हाच मला काहीतरी खटकलं. मी कांडीला दोर बांधून हळूच ओढला.

"बघ. काय नाय लागत."

आणखी थोडा ओढला.

"सांगतो ना, काय नाय. उगाच लोकं घाबरतात."

त्यांच्या बोटांमधून रक्त खाली ओघळत होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, हाताकडे नाही.

मी दोर सोडला. मूठ उघडून दाखवली. तळहातात चार काटे रुतले होते. ह्यांनी ते पाहिलं आणि ओट्यावर बसले.

"कधीपासनं कळत नाय हाताला?"

"दिवाळीपासनं."

दिवाळीत ह्यांना अर्धांगाचा झटका आला होता. तोंड जरा वाकडं झालं, दवाखान्यात आठ दिवस काढले, आणि मग सगळं बरं झालं असं त्यांनी डॉक्टरला सांगितलं, मलाही सांगितलं. मला इतका राग आला की जखमेवर मूठभर हळद थापली. राग कशाचा, रडूच ते.

"घोडा नाय ओढत," मी म्हटलं. "तुमी ओढताय. किती ओढताय ते तुमाला कळत नाय. त्याच्या तोंडात आत्ता हाय ती कांडी बारीक, मधे सांधा, जिभेला सारखा चिमटा. तो बिचारा सुटायला बघतो. त्याला काय काटे घालता?"

अंगणात बादशा आमच्याकडे कान करून उभा होता. अगदी शहाण्यासारखा.

त्याच्याकडे बघत हे म्हणाले, "मग उद्या कोण धरंल?"

"मी धरीन."

"बाईमाणूस वरातीत घोडा धरतंय व्हय?"

"तबेल्यात तीस वर्षं कोण धरतंय?"

मी खुंटीवरून आधीच्या घोड्याचं कडियाळं काढलं. जाड, सरळ, गुळगुळीत. बादशाचं तोंड मोठं, त्याला ते मापात बसलं. हे उठले नाहीत, पण ह्यांना राहवलंही नाही.

"आधी हातात धरून ऊब दे. थंड लोखंड नाय घालायचं. आता पट्टा वर घे. ओठाच्या कोपऱ्याला एक सुरकुती पडली पायजे. दोन पडल्या, आता घट्ट झाला. सोड एक भोक."

मी एक भोक सोडलं. बादशाने दोनदा जीभ फिरवली आणि कांडी चघळू लागला.

"हां," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून रोह्याला उतरलो ते दुपारी चारलाच. ह्यांचंच सांगणं, बँड वाजायच्या आधी बादशाला सगळं दाखवू. मग मी त्याला बँडच्या ढोलांजवळ नेलं, दिव्यांजवळ नेलं, त्याने सगळ्यांचा वास घेतला. वरात निघाली. लगाम माझ्या हातात, आणि पलीकडून हे चालत होते, डावा हात त्याच्या मानेवर, पट्टी बांधलेला उजवा खिशात. बायका बघत होत्या. बघेनात का.

चौकात डीजे सुरू झाला तशी बादशाची मान वर गेली. माझी मूठ आवळली.

"ढील दे गो," मानेपलीकडून आवाज आला. "बघू दे त्याला. बघंल आणि चालंल."

वर बसलेल्या अक्षयने, नवरदेवाने, खोगीर घट्ट धरलं. मी ढील दिली. बादशाने डीजेकडे मन भरून पाहिलं, फुर्र केलं, आणि पाऊल टाकलं.

मांडवाच्या दारात नवरदेव उतरला. तिथे घोडेवाल्याचा मान असतो, नारळ आणि टोपी. अक्षयच्या बापाला त्याच्या लग्नात ह्यांनीच मिरवलं होतं. तो ओळखीचं हसत ताट घेऊन आला तो सरळ ह्यांच्यासमोर.

"पुंडलिककाका, वाकवा डोकं."

तीस वर्षांत ह्यांनी ह्या वेळी कधी टोपी चुकवली नव्हती. ह्यांनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"लगाम तिच्या हातात हाय," ते म्हणाले. "मान तिचा."

तो गोंधळला. बाईला टोपी कशी घालायची हे त्यालाही कळेना. शेवटी त्याने नारळ माझ्या पदरात घातला. टोपी ताटातच राहिली. हे बादशाच्या पलीकडे उघड्या डोक्याने उभे होते, डाव्या हाताने त्याची आयाळ सारखी करत.