उलटी बसलेली नळी

या, असे जवळ सरकून बसा. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवालाही देवाने केवढं बळ दिलंय आणि त्याला अडवायला निघालेल्या एका सुनेला केवढी बुद्धी, त्याची गोष्ट ऐका.

सासऱ्यांना लघवीची नळी बसवलेली. नळी बदलली की ताप ठरलेला! सूनबाई प्रयोगशाळेत जंतूंवरच काम करायची, त्यामुळे या चोरांची वाट तिला ठाऊक होती. लघवी खाली वाहते आणि जंतू नळीच्या भिंतीला धरून, शेपट्या गरगरा फिरवत, प्रवाहाविरुद्ध वर मूत्राशयाकडे पोहतात. म्हणून तिने आतून एकाच बाजूला कललेले बारीक काटे असलेली नळी घडवली. वर येणारा जंतू काट्याशी वळावा, मधल्या धारेत सापडावा आणि खाली वाहून जावा.

"काय ग, माझ्या पाहुण्यांना दार कधी बंद करतेस?" सासरे विचारायचे.

"करते हो, बाबा. जरा दम धरा."

पण चाचणीच्या दिवशी नळीत लघवीऐवजी पाणी सोडलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतू सरसर वर चढताना दिसले. विभागाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "पुरे आता. ही कल्पना सोड, उद्यापासून दुसरं काम घे."

सूनबाईचा चेहरा उतरला. तरी ती डोळा लावून बघतच राहिली. साध्या नळीतही जंतू इतके झरझर चढत नव्हते! इथे तर काटेच त्यांना शिडी झाले होते. तिने एकदम कपाळावर हात मारला. नळीवर तिने बाण काढला होता तो पाण्याच्या दिशेचा. पण डोक्यात दिवसरात्र जंतू. म्हणून नळी लावताना तो बाण तिने धरला जंतूंच्या दिशेचा!

"बाई, नळी उलटी बसलीय. एकदा फिरवून बघू द्या."

"तूच बनवलीस ना ग ती?"

"हो ना, म्हणून तर ओळखलं!"

नळी फिरवली. देवाचं नाव घेऊन पाणी सोडलं. जंतू आले, काट्याशी वळले, धारेत सापडले, गेले खाली. पुन्हा आले, पुन्हा गेले. वरचा भाग लख्ख!

मोठ्या बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. "उद्याही हेच काम कर," एवढंच म्हणाल्या.

घरी सासऱ्यांनी सगळं ऐकलं. "मग मला कधी बसवायची?"

सूनबाईची मान खाली गेली. "माणसांसाठी वापरायला वर्षं लागतील, बाबा."

म्हातारा छाती फुगवून म्हणाला, "लागू देत! कुणाच्या तरी बापाला मिळेल ना? माझ्या सुनेने केली म्हणून गावभर सांगतो. आणि उलटी बसवली होतीस, तेही सांगतो!"

तर मंडळी, कधी तुमच्या घरच्या कुणाला अशी नळी लागली आणि ताप आला नाही, तर देवापुढे हात जोडताना या म्हाताऱ्याचीही आठवण ठेवा.