हिवाळ्यातला एक तास

विंडहुकच्या काटुटुरा वस्तीत राहणारी हिलेनी शहरातल्या एका लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला होती. तेव्हा देशभरातली घड्याळं एप्रिलात एक तास मागे घ्यायची आणि सप्टेंबरात पुन्हा पुढे करायची, असा कायदा होता. हिवाळ्यात पोरांना अंधारात शाळेला जावं लागू नये म्हणून स्वातंत्र्यानंतर तो केलेला. सकाळी उजेड मिळायचा खरा, पण कामावरून सुटलेल्या बायका वाटेत असतानाच सूर्य बुडायचा. ज्यांना टॅक्सी परवडत नसे, त्या कोरड्या नदीच्या पात्रातून चालत यायच्या.

त्याच पात्रात एका संध्याकाळी दोघांनी हिलेनीला गाठलं. फोन घेतला, आणि पिशवी सोडेना म्हणून दंडावर सुरा ओढला. जखम भरली, पण तेव्हापासून मागे पाऊल वाजलं की ती पिशवी छातीशी धरून पळत सुटायची.

पुढे सरकारने त्या कायद्यावर लोकांची मतं मागवली. व्यापाऱ्यांना तो नकोच होता. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेची घड्याळं जागची हलत नसत, त्यामुळे व्यवहार अडायचे. रेडिओवर चर्चा चालली असताना हिलेनीने फोन लावला. "व्यापाराचं मला कळत नाही," ती म्हणाली, "पण आम्हा बायकांना उजेडात घरी पोचू द्या."

शेजारची कौनापावा चुलीवर पिठाचे गोळे तळून विकायची. तिथल्या रीतीने 'मेमे', म्हणजे आई, म्हणत तिने दुसऱ्या दिवशी टोकलं. "छान बोललीस, मेमे. पण तुझा अंधार जाणार कुठे? माझ्या पोरांच्याच वाटेवर ना?"

"पोरं घोळक्याने जातात. मी एकटी येते."

"तुझी लेक उत्तरेला आजीकडे आहे. तुला काय जातंय बोलायला?"

"तू एकदा त्या पात्रातून ये, मग शिकव मला," हिलेनी म्हणाली. दोघींचं बोलणं तिथेच तुटलं.

कायदा रद्द झाला, आणि घड्याळं हिवाळ्यातही मागे जायची थांबली. नंतरच्या हिवाळ्यात हिलेनी उजेडात घरी येऊ लागली. वाटेत थांबून भाजलेलं मांस खायची, ओळखीच्या बायकांशी हसायची. इतकं निवांत तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

जूनमध्ये शाळेला निघालेला कौनापावाचा थोरला, शिकोंगो, अंधारात रस्ता ओलांडताना मिनीबसखाली आला. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

हिलेनी बाजरीची उकड आणि कोंबडीचा रस्सा घेऊन गेली. कौनापावा दारातच उभी राहिली.

"त्या मेल्याने दिवे लावले नव्हते म्हणे," हिलेनी चाचरत म्हणाली.

"नसतील. उजेड असता तर दिव्यांची गरजच पडली नसती." तिने भांडं हातातून घेतलं, कारण घरात धाकटी उपाशी होती. "आता जा. तुझी लवकर निजायची सवय मला माहीत आहे."

हिलेनीला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी ती लाँड्रीच्या मालकापुढे उभी राहिली. "तात, हिवाळाभर मला उशिरा येऊ द्या. वस्तीतल्या पोरांना शाळेपर्यंत सोडायचंय."

मालक हसला. "रेडिओवर मीही ऐकलं तुला. हवं ते मिळालं, तरी रडगाणं आहेच?"

"आहे."

"मग संध्याकाळी तेवढंच उशिरा सुटायचं. चालेल?"

तिने होकार दिला. म्हणजे परत तेच पात्र, तोच काळोख. पहिल्या दिवशी हातात दगड घेऊन ती धावतच पलीकडे गेली.

सकाळी ती टॉर्च घेऊन पोरांच्या पुढे चालायची आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून गाड्या अडवायची. टॅक्सीवाले शिव्या घालायचे. कौनापावाची धाकटीही त्या पोरांत असायची. आई तिला कोपऱ्यापर्यंत आणून सोडायची आणि हिलेनीकडे न बघता माघारी फिरायची.

एकदा हिलेनीने विचारलं, "शिकोंगो कसा आहे?"

"घरात आहे," कौनापावा चालता चालता म्हणाली. "आता त्याला सगळे तास सारखेच."