मारबतीच्या सकाळची अंडी

मेघाच्या हातांवर मी नेहमी हसायचो. बाईनं चहाचा कप धरला की अर्धा चहा बशीत. पण तोच हात सूक्ष्मदर्शकाखाली गेला, की केसाहून बारीक काचेची सुई कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, किड्याच्या अंड्यात अलगद शिरायची. या अंड्याचं कवच भारी टणक. आधी पोलादी सुईनं भोक पाडायचं, मग काचेच्या सुईनं जनुक बदलणारं द्रावण आत सोडायचं, मग गोंदाचा थेंब लावून भोक बुजवायचं, आणि हे सगळं अंडं ताजं असतानाच. मी हेमराज, तिचा सहायक. म्हणजे तिनं सुया मोडायच्या आणि मी नव्या करून द्यायच्या.

यंदा शेकडो अंडी वाया गेली. मूठभर टिकली, आणि त्यांच्या कवचाआडून अळ्यांची काळी डोकी दिसू लागली. आता नवे पतंग पुढच्या पावसाळ्याशिवाय मिळणार नव्हते आणि मेघाची फेलोशिप मार्चातच संपत होती. यातून एक जरी अळी जगली तरी तिची पीएचडी होणार होती. नाहीतर सगळी वर्षं पाण्यात.

अळ्या पहाटे निघतात. म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच भंडाऱ्याला कॉलेजात पोचलो, तर प्रयोगशाळेचं दार उघडं. आत झाडलोट करणाऱ्या शकुनबाई. एका हातात कडुलिंबाचा पाला टाकलेली धुपती गोवरी, दुसऱ्या हातात मच्छर मारायचा स्प्रे.

"माश्या, मच्छर, ढेकूण घेऊन जाय गे मारबत!"

त्या सकाळी आमच्याकडे घरोघरी असंच ओरडून रोगराई आणि किडे गावाबाहेर हाकलतात. बाईंनी घरासोबत प्रयोगशाळाही उरकायला घेतली होती.

मेघानं अंड्यांची डबी उचलली आणि व्हरांड्यात पळाली. मी वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत राहिलो. दुसरं करणार तरी काय? एका अळीनं कवच कुरतडून डोकं बाहेर काढलं होतं. ती जराशी वळवळली. मग वळवळ थांबली. बाकीच्या तर बाहेरच आल्या नाहीत. मला रडू आलं. शकुनबाईंचा राग येत होता आणि तोही धड येईना.

"टेबलाले हात नाही लावला म्या," त्या मागून म्हणाल्या. "दुरूनच मारलं. तुमीच म्हणलं होतं ना ताई, अंड्याईले मुंग्या-मच्छरापासून जपजा म्हणून?"

म्हणाली होती खरी. मी तोंड उघडलं, तर मेघानं माझं मनगट घट्ट धरलं.

"बरं केलं, मावशी," ती रडतच म्हणाली.

"मंग काहून रडून राहिल्या?"

शकुनबाईंनी गोवरी खाली ठेवली आणि मेघाच्या पाठीवरून हात फिरवला.

"नोका रडू. पुढल्या साली अजून चांगलं जपीन तुमच्या अंड्याईले."

"हो मावशी," मेघा म्हणाली.