भित्र्या वाघाची रेघ

जुनी पाटी मेली तेव्हा वाघाची एक मिशी काढायची राहिली होती.

पाटी म्हणजे चित्रं काढायचा ड्रॉइंग टॅबलेट. घरात त्याला सगळे पाटीच म्हणत, कारण ती काळी होती, सपाट होती आणि कोपऱ्यात टवका उडालेली होती. तिच्यावर काढलेलं तिच्यावर दिसत नसे, समोरच्या संगणकावर दिसे. या पाटीची मालकीण म्हणजे वाघीण. हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहान मुलांच्या एका साप्ताहिकात ती बरीच वर्षं एका भित्र्या वाघाची चित्रं काढत होती, म्हणून आधी शेजारी, मग दूधवाला आणि शेवटी नवराही तिला वाघीण म्हणू लागला. एरवी ती इतकी गरीब की रांगेत कुणी पुढे घुसलं तर त्याची पिशवी धरायला मदत करील.

वाघ मात्र जगावेगळा होता. तो दाराच्या घंटीला भ्यायचा, उघडणाऱ्या छत्रीला भ्यायचा, स्वतःची शेपटी अवचित दिसली तर कपाटावर चढून बसायचा. हे सगळं वाघिणीच्या पदरचंच होतं. आठवडाभरात आपण जिथे जिथे भ्यायलो, ते ती वाघाला देऊन टाकायची आणि मोकळी व्हायची. पण मुलं वेडी झाली होती ती वाघाच्या रेघेवर. त्याच्या अंगाची कड सारखी थरथरत असे. पानावर बोट ठेवून मुलं म्हणत, हा अजून हलतोय. साप्ताहिक खपत होतं ते या थरथरीवर.

आता खरं सांगायचं तर थरथर ही वाघिणीची कला नव्हती. पाटी अगदी स्वस्तातली होती. उभी रेघ ओढा, सरळ. आडवी ओढा, सरळ. तिरकी ओढली की पाटीच्या अंगात यायचं आणि रेघ लटलटायची. वाघ पडला सगळा तिरक्या रेघांचा. हे गुपित घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं: वाघीण, तिचा नवरा आणि धाकटी नणंद.

नवरा वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. त्याने जुनी पाटी उघडली, बराच वेळ आत पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तसं हळूच सांगितलं की आत काही उरलेलं नाही. तेव्हा नवी घ्यायचं ठरलं आणि नणंदेने कंबर कसली. नणंदेने जन्मात कधी पेन्सिलीने आंबाही काढला नव्हता, पण वस्तू विकत घ्यायची म्हटली की तिला हत्तीचं बळ येई. लोकांनी पाट्यांविषयी केलेले सगळे व्हिडिओ तिने पाहिले. जेवताना ती दोन्ही पक्षांची बाजू मांडू लागली. महाग पाटीला पेन किती जोरात दाबलं हे ओळखायच्या हजारो पायऱ्या आहेत. स्वस्त पाटीलाही तेवढ्याच आहेत, पण महागातल्या पायऱ्या जास्त चांगल्या. महाग पाटीला स्वतःचा पडदा आहे. स्वस्त पाटीला पडदा नाही, पण एक पिशवी फुकट आहे. नवऱ्याचं म्हणणं असं की महाग मशीनसुद्धा बिघडतंच, फक्त दिमाखात बिघडतं. वाघिणीला कुणी काही विचारलं नाही, आणि तिने सांगितलंही नाही.

दुकानातल्या विक्रेत्याने पहिलाच प्रश्न केला की आपण शिकाऊ की व्यावसायिक. इतक्या वर्षांचं काम पाठीशी असून वाघीण लाजली. नणंद म्हणाली, व्यावसायिक. त्याबरोबर विक्रेत्याचा आवाज देवळात आल्यासारखा खाली आला आणि त्याने महाग पाटी मखमलीवर ठेवली. वाघिणीने पेन घेतलं आणि सहज एक तिरकी रेघ ओढली. रेघ ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ आली. तिने आणखी एक ओढली. तीही सरळ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, नणंदेने विजयी मुद्रेने भावाकडे पाहिलं आणि भावाने पाकीट काढलं. तिघांनाही गुपित ठाऊक होतं, आणि तिघांपैकी एकालाही त्या वेळी वाघ आठवला नाही.

आठवण करून दिली ती संपादकांनी. नव्या पाटीवरचं पहिलं चित्र पोचताच त्यांचा फोन आला. वाघाला काय झालंय, असं त्यांनी विचारलं. वाघीण म्हणाली, काही नाही, तो घंटीला भ्यायलाय. संपादक म्हणाले की हा भ्यायलेला नाही, हा दार उघडायला निघालाय. तरी अंक जायचा म्हणून चित्र छापलं. चार पालकांनी तक्रार केली. एका मुलीने तर अंक उशीखाली ठेवायचं सोडून माळ्यावर टाकायला लावला, कारण वाघ तिच्याकडे बघत होता.

मग घरात भीतीचा शोध सुरू झाला. वाघिणीने आधी मुद्दाम हात हलवून पाहिला. पण मुद्दाम वाकडी काढलेली रेघ लबाड दिसते. वाघ शाळा बुडवण्यासाठी पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोरासारखा दिसू लागला. नवरा म्हणाला, बिघाड काढणं हा माझा धंदा, बिघाड घालणं त्याहून सोपं. त्याने दुरुस्तीला आलेलं एक मशीन टेबलाला टेकवून उभं केलं आणि कपडे पिळायच्या वेगावर लावलं. टेबल, पाटी, वाघीण आणि तिचा चष्मा असं सगळं एकदम थरथरू लागलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, पण चित्र मात्र पुरं झालं. संपादकांनी कळवलं की वाघ घाबरलेला वाटत नाही, खड्ड्यांच्या रस्त्याने बसमध्ये उभा असल्यासारखा वाटतो.

पुढचा उपाय नणंदेचा. वाघीण रेघ ओढत असताना ती मागून पावलं न वाजवता आली आणि कानाजवळ दोन ताटल्या आपटल्या. वाघीण खरोखरच भ्यायली. रेघ वाघाच्या डोक्यातून निघाली ती थेट चौकटीबाहेर गेली. संपादकांनी विचारलं की वाघाच्या डोक्यावर अँटेना कधी बसवली.

शेवटी नणंद म्हणाली की चूक आपलीच, भीती ही स्वस्तातच मिळते. तिघं पुन्हा त्याच दुकानात गेले आणि जुनी होती तीच, सर्वांत स्वस्त पाटी मागितली. विक्रेत्याने आनंदाने सांगितलं की कंपनीने ती खूप सुधारली आहे, तिरकी रेघ हलायची ती तक्रारही दूर केली आहे. नणंदेने त्याला बाजूला घेऊन विचारलं की ती तक्रार असलेली एखादी शिल्लक आहे का. नव्हती. तरी त्यांनी घेतली, आशा फार वाईट असते. घरी येऊन वाघिणीने रेघ ओढली. सरळ. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि घरात दोन पाट्या झाल्या.

त्या आठवड्यात संपादकांचा आवाज थंड होता.

"येत्या अंकापासून वाघ दुसऱ्या कुणाला तरी देतोय, बाई," ते म्हणाले. "तो साप्ताहिकाचा आहे. तुम्ही फक्त काढत होता."

वाघिणीने फोन ठेवला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिला फार वाईट वाटलं. कामाचं सोडा, काम कुठेही मिळालं असतं. पण वाघ गेला तर यापुढे आपण भ्यायचं आणि ठेवायचं कुठे, हे तिला कळेना. नवरा चहा करतो म्हणाला. तिने ऐकलं नाही. तिने दोन्ही पाट्या दोन काखांत मारल्या आणि चपला घालून निघाली. नणंद विचारत राहिली की फुकट मिळालेली पिशवी घेऊ का.

साप्ताहिकाचं कार्यालय म्हणजे एक लांब खोली होती. भिंतीपाशी जुन्या अंकांचे गठ्ठे, मध्ये टेबलं, आणि टोकाला काचेखाली बिस्किटांचे चुरे अडकलेलं संपादकांचं टेबल. वाघीण आतापर्यंत इथे आली की दारातल्या खुर्चीवर बसून बोलावण्याची वाट बघायची. आज ती सरळ आत गेली आणि काचेवर दोन्ही पाट्या ठेवल्या. मुद्रितं तपासणाऱ्या तपासनीस बाईंनी हातातले कागद खाली ठेवले. जाहिराती बघणारे गृहस्थ फोन कानाला तसाच धरून जवळ आले.

"ही महाग, ही स्वस्त," वाघीण म्हणाली. "भीती कुठल्या पाटीवर येते ते तुम्हीच काढून दाखवा."

संपादक म्हणाले की मी काढत नाही, मी बघतो. वाघीण म्हणाली की बघून इतकं कळतं तर काढून थोडं तरी कळेलच. संपादकांनी सभोवती पाहिलं. सगळं कार्यालय टेबलाभोवती उभं होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चित्रांवर लाल खुणा केल्या होत्या, आणि त्या खुणा पोटात घेऊन फिरणारी माणसं आता त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. त्यांनी अर्थातच महाग पाटी ओढून घेतली. कपाळाला घाम फुटला. हातातलं पेन निसटलं, ते पुन्हा उचललं. तपासनीस बाई म्हणाल्या, सावकाश काढा, आम्हाला काही घाई नाही. तेव्हा तर त्यांची पाचावर धारण बसली.

रेघ कानापासून निघाली. ती पाठीवर येईपर्यंत तीनदा थबकली, मानेपाशी शहारली, शेपटीपाशी तर बोबडी वळल्यासारखी तुटक तुटक झाली. डोळे नाहीत, पट्टे नाहीत, मिशा नाहीत, नुसती कड. पण ती पाहून जाहिरातवाल्यांनी फोन खाली घेतला. जुन्या पाटीने इतक्या वर्षांत कधी दिली नव्हती अशी भीती त्या कडेत होती. हा वाघ छत्रीलाच काय, छत्री या शब्दाला भ्यायला असता.

वाघिणीने त्यांच्या हातून पेन घेतलं आणि शेजारी दुसरा वाघ काढायला घेतला. सगळे तिच्याकडेही तसेच बघत होते. तिने भ्यायचा मनापासून प्रयत्न केला. ताटल्या आठवल्या, फोन आठवला. पण रेघ सरळ, सुबक आणि अगदीच निरुपयोगी आली. हात हलत नव्हता. आपण या माणसाला आता भीत नाही, हे तिला आधी पाटीवर दिसलं आणि मग मनात कळलं. तिला हसू आलं आणि थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

"वाघ माझाच राहील," ती म्हणाली. "थरथर तुम्ही द्यायची."

संपादकांनी शेजारी शेजारी काढलेल्या दोन्ही वाघांकडे पाहिलं आणि मान डोलावली. नाही म्हणायला जागाच नव्हती, पुरावा त्यांच्या हातचा होता.

तेव्हापासून दर आठवड्याला वाघीण कार्यालयात जाते. वाघ या खेपेला कशाला भ्यायलाय हे ती सांगते, संपादक कड काढतात, मग ती पट्टे, डोळे, मिशा काढते. खाली नाव तिचं छापतात. महाग पाटी संपादकांच्या टेबलावर असते. स्वस्त पाटी नणंदेने ठेवून घेतली आहे आणि ती तिच्यावर स्वतःची सही गिरवते. मुलं पुन्हा पानावर बोट ठेवून हा हलतोय म्हणू लागली आहेत, आणि माळ्यावरचा अंकही त्या मुलीने खाली काढायला लावला. सगळं सुरळीत चाललं आहे. वाघिणीला आता कुणी रांगेत ओलांडून जात नाही.

परवा मात्र एक अडचण आली. वाघ लिफ्टला भ्यायला होता. संपादकांनी कड पुरी केली, पेन खाली ठेवलं, तळहात पँटला पुसले आणि प्रथमच वाघाकडे न बघता वाघिणीकडे बघितलं.

"बरं जमलंय का?" त्यांनी विचारलं.

जमलं होतं. इतकं जमलं होतं की त्या वाघाला पटकन उचलून घ्यावं आणि जिन्याने खाली न्यावं. वाघिणीच्या अगदी ओठांवर शब्द आला. चित्र पाठवून त्या एका शब्दाची वाट बघणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिला तो कधी मिळाला नव्हता, आणि म्हणूनच तो द्यायला तिचा जीव तुटत होता. पण शब्द मिळाला की हा माणूस आज शांत झोपणार. पुढच्या आठवड्यात त्याचा हात स्थिर येणार, त्यापुढच्या आठवड्यात सुबक, आणि वाघ ऐटीत लिफ्टचं बटण दाबणार. तिने वाघाकडे पाहिलं. तो पडद्यावर अंग चोरून उभा होता आणि त्याला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"मागचा पाय जरा बघा," ती म्हणाली.

संपादकांनी मान खाली घातली आणि पाय पुसून पुन्हा काढायला घेतला. पेन कापू लागलं. पहिल्यापेक्षाही चांगला पाय आला.

घरी नवऱ्याने सहज विचारलं की ते संपादक कसे काढतात गं. वाघिणीने पर्स खुंटीला अडकवली आणि पाठ फिरवूनच उभी राहिली, कारण तिला रडू येत होतं.

"फार सुंदर काढतात रे," ती म्हणाली. "पण त्यांना कुणी सांगू नका."